हरण्याची भूमिका ज्येष्ठाची : जपानी युद्धकलांविषयी वाचकांचे प्रश्न

जपानी युद्धकलांविषयी आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. पत्रांचे विषय वेगवेगळे असले, तरी त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी एकच शंका आहे : या कलांमध्ये खरोखर जुने काय आहे आणि मागाहून चिकटलेले काय आहे? ती शंका रास्त आहे, म्हणून उत्तरे देताना तीच सतत समोर ठेवली आहे.

प्रश्न : केंदो, जुदो, आयकिदो या नावांच्या शेवटी ‘दो’ येतो, तर केंजुत्सु, जुजुत्सु यांच्या शेवटी ‘जुत्सु’ येतो. ‘दो’ म्हणजे आत्मोन्नतीचा मार्ग आणि ‘जुत्सु’ म्हणजे केवळ मारण्याचे तंत्र, असे आमच्या वर्गात सांगितले जाते. हे बरोबर आहे का?

उत्तर : केंदो, केंजुत्सु या तलवारीच्या आणि जुदो, जुजुत्सु, आयकिदो या मुख्यतः नि:शस्त्र झुंजीच्या कला. शब्दार्थ पाहिला तर ‘जुत्सु’ म्हणजे कला, कसब, आणि ‘दो’ म्हणजे मार्ग. एवढ्यापुरते आपल्या वर्गात सांगितलेले बरोबर आहे. मात्र या दोन शब्दांमध्ये उच्चनीचतेची जी उतरंड मांडली जाते, ती जुन्या घराण्यांवर अन्याय करणारी आहे. जपानमध्ये सर्वसाधारणपणे केली जाणारी विभागणी काळावर आधारलेली आहे. १८६८ च्या मेइजी सत्तांतरापूर्वी, म्हणजे शोगुन या लष्करी शासकाकडून सत्ता सम्राटाकडे जाण्यापूर्वी, स्थापन झालेली घराणी ती ‘कोर्यू’, म्हणजे जुन्या परंपरा. आणि त्यानंतर आकाराला आलेले जुदो, केंदो, आयकिदो हे ‘गेंदाई बुदो’, म्हणजे आधुनिक युद्धमार्ग.

जुन्यांपैकी अत्यंत मान्यताप्राप्त असे कातोरी शिंतो-र्यू हे घराणे घ्या. पंधराव्या शतकाच्या मध्यास इइझासा चोइसाई इएनाओ या योद्ध्याने आजच्या चिबा प्रांतातील कातोरी देवस्थानाच्या आश्रयाने ते उभे केले. साठी उलटल्यावर त्याने तेथे एक हजार दिवस व्रतस्थ राहून साधना केली, असे परंपरा सांगते. तलवार, भाला, लांब दांड्याची नागिनाता, लाठी यांच्याबरोबरच तटबंदी आणि व्यूहरचना यांचेही शिक्षण या घराण्यात होते, म्हणजे ते रणांगणासाठीच होते यात शंका नाही. तरीही त्याच घराण्याची मूळ शिकवण अशी की ‘हेइहो’ या एकाच उच्चाराचे युद्धनीती आणि शांतिनीती असे दोन अर्थ होतात आणि पहिल्याचा शेवट दुसऱ्यात व्हायला हवा. सामना मागायला आलेल्या माणसाला इएनाओ ठेंगण्या बांबूच्या पानांवर, पाने न वाकवता बसून दाखवी आणि तो माणूस न लढताच परत जाई, अशी कथा तेथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. कथा ही कथाच. परंतु कोणती कथा जपायची हे घराणे ठरवते, आणि या घराण्याने न झालेल्या लढतीची कथा जपली.

‘दो’ सार्वत्रिक होण्याचे कारण सामाजिक उलथापालथीत आहे. मेइजी राजवटीत समुराई वर्ग संपुष्टात आला आणि १८७६ मध्ये तलवार बाळगण्यास बंदी झाली. तलवार शिकवणाऱ्यांचे पोट कसे भरायचे, हा प्रश्न त्याआधीच उभा राहिला होता. पूर्वी शोगुनच्या सेवेत असलेल्या साकाकिबारा केंकिचीने १८७३ पासून तिकीट लावून तलवारबाजीचे जाहीर सामने भरवले, ते याच अडचणीतून. १८७७ मध्ये सात्सुमा प्रांतातील समुराईंनी सरकारविरुद्ध केलेल्या बंडात पोलिसांच्या तलवारधारी तुकडीने ताबारुझाका येथे कामगिरी बजावली आणि त्यानंतर टोकियोच्या पोलीस दलाने या विद्येला आश्रय दिला. १८८२ मध्ये कानो जिगोरो या तरुण शिक्षकाने टोकियोतील एइशोजी मंदिरात अवघ्या बारा तातामी चटयांच्या जागेत कोदोकान ही आपली शाळा सुरू केली. त्याने जुजुत्सुची दोन जुनी घराणी शिकून जी कला बांधली, तिला जाणीवपूर्वक ‘जुदो’ म्हटले, कारण त्याला ती शिक्षणाचा भाग करायची होती आणि जुजुत्सुची तेव्हाची ख्याती दांडगाईची झाली होती. पुढे १८९५ मध्ये क्योतो येथे स्थापन झालेल्या दाइ निप्पॉन बुतोकुकाई या संस्थेने १९१९ मध्ये केंजुत्सुसारख्या नावांऐवजी केंदोसारखी नावे अधिकृतपणे स्वीकारली. ‘केंदो’ हा शब्द त्यापूर्वीही तुरळक आढळतो. मात्र आज आपण तो ज्या अर्थाने वापरतो, त्या अर्थाचे वय शंभर वर्षांच्या आसपास आहे.

प्रश्न : बुशिदो ही समुराईंची हजार वर्षांची अलिखित आचारसंहिता होती, असे सर्वत्र वाचायला मिळते. इतिहास काय सांगतो?

उत्तर : इतिहास असे सांगतो की समुराईंचे आदर्श प्रत्येक काळात बदलत गेले. सुरुवातीच्या शतकांत योद्ध्याच्या विद्येला ‘धनुष्य आणि घोडा यांचा मार्ग’ म्हणत. तलवार तेव्हा दुय्यम शस्त्र होते. यादवीच्या शतकात निष्ठा ही बऱ्याचदा सौद्याची वस्तू होती. १६०० मधील सेकिगाहाराच्या निर्णायक लढाईचे पारडे फिरले ते कोबायाकावा हिदेआकी ऐन वेळी आपल्या सैन्यासह दुसऱ्या पक्षाला मिळाला म्हणून. ज्या लढाईने जपानचे पुढील अडीचशे वर्षांचे भवितव्य ठरवले, तिचा निकालच पक्षबदलाने लागला, ही गोष्ट ‘अढळ निष्ठेच्या’ वर्णनात सहसा येत नाही.

निष्ठा आणि मृत्यू यांविषयीचे सर्वांत जळजळीत लेखन त्यानंतरच्या शांततेच्या काळातले आहे. सागा येथील यामामोतो त्सुनेतोमोचे विचार अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात एका तरुणाने टिपून घेतले. योद्ध्याचा मार्ग मृत्यूत सापडतो, या अर्थाचे वाक्य सांगणारा हा गृहस्थ स्वतः कोणत्याही लढाईत उतरला नव्हता. धन्यापाठोपाठ प्राणत्याग करण्याची प्रथा त्याच्या धन्यानेच बंद केलेली असल्यामुळे त्याने १७०० मध्ये संन्यास घेतला आणि एकांतात आयुष्य काढले. त्याच्या वचनांतली धग ही संधी हुकलेल्या माणसाची आहे, असे मला ती वाचताना नेहमी वाटते.

आज जगभर परिचित असलेले बुशिदोचे चित्र मात्र याहूनही अलीकडचे आहे. मोरिओकाच्या समुराई कुटुंबात जन्मलेले आणि क्वेकर ख्रिस्ती झालेले नितोबे इनाझो यांनी अमेरिकेतील वास्तव्यात इंग्रजीतून लिहिलेले पुस्तक १९०० मध्ये प्रसिद्ध झाले. शाळेत धर्मशिक्षण नसताना तुम्ही मुलांना नीती कशी शिकवता, असे एका बेल्जियन विद्वानाने त्यांना पूर्वी विचारले होते, आणि ते पुस्तक त्या प्रश्नाचे उत्तर होते. ते पाश्चात्त्य वाचकासाठी, त्याला समजेल अशा तुलना देत लिहिलेले आहे. त्यातील सद्‌गुण खोटे आहेत असे मी म्हणत नाही. दोजोत, म्हणजे सरावाच्या जागी, शिकणाऱ्याने ते आपलेसे करावेत, पण हजार वर्षांचा दाखला जोडू नये.

प्रश्न : कराटे ही समुराईंची नि:शस्त्र युद्धकला होती का?

उत्तर : नाही. समुराईंची नि:शस्त्र किंवा अर्धशस्त्र झुंज म्हणजे जुजुत्सु. कराटेचे मूळ ओकिनावात आहे, आणि ओकिनावा हे १८७९ मध्ये जपानमध्ये विलीन होईपर्यंत र्युक्यू नावाचे स्वतंत्र ओळख असलेले राज्य होते. १६०९ मध्ये सात्सुमाच्या समुराईंनी ते जिंकून मांडलिक केले. तेथील स्थानिक मुष्टिविद्येत दक्षिण चीनमधील, विशेषतः फुजियान प्रांतातील पद्धती मिसळत गेल्या. त्यामुळे ‘कराटे’ हा शब्द पूर्वी ‘चिनी हात’ या अर्थाच्या चिन्हांनी लिहीत असत. गुप्तपणे शिकवली जाणारी ही विद्या इतोसु आंको यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ओकिनावाच्या शाळांत आणली आणि मुलांसाठी सोपे काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाचे हालचालींचे संच, रचले. १९२२ मध्ये फुनाकोशी गिचिन यांनी टोकियोत तिचे प्रात्यक्षिक दाखवले. कानो जिगोरो यांनी त्यांना कोदोकानमध्येही निमंत्रण दिले. पांढरा पोशाख आणि श्रेणींची पद्धत कराटेने घेतली ती जुदोकडून. १९३६ मध्ये नाहा येथे जमलेल्या ओकिनावातील जाणकारांनी ‘रिकामा हात’ या अर्थाच्या चिन्हांना मान्यता दिली. उच्चार तोच राहिला; चीनची खूण मात्र पुसली गेली, आणि त्या दशकातील जपान-चीन संबंध पाहता ही निवड केवळ तत्त्वज्ञानातून झाली असे मानणे कठीण आहे.

प्रश्न : मी चार वर्षे एका पारंपरिक तलवार-घराण्याच्या पद्धतीने शिकत आहे. आजवर ठरलेल्या क्रमाच्या काताखेरीज काहीही शिकवलेले नाही. खरा प्रतिस्पर्धी ठरलेल्या क्रमाने थोडाच येणार? मग वर्षानुवर्षे तेच घोटण्यात काय अर्थ आहे?

उत्तर : खरा प्रतिस्पर्धी ठरलेल्या क्रमाने येणार नाही, हे आपले म्हणणे अगदी खरे आहे आणि कोणताही चांगला गुरू ते नाकारणार नाही. परंतु काता म्हणजे लढाईची नक्कल असे धरून चालल्यामुळे हा प्रश्न अवघड होतो. काता ही एक सोय आहे, आणि ती कोणत्या अडचणीवर काढली गेली हे पाहिले म्हणजे तिचा अर्थ उलगडतो.

लाकडी तलवारीचा पूर्ण ताकदीचा घाव हाड मोडू शकतो, माणूस मारूही शकतो. त्यामुळे मोकळी झुंज खेळायची तर दोनच पर्याय उरतात : जोडीदाराला जायबंदी करायचे, किंवा हात आखडता घेऊन खोटा वार करायचा. पहिल्याने शिष्य उरत नाहीत. दुसऱ्याने चुकीची सवय लागते. काताने यातून वाट काढली. वार कोठून येणार हे ठाऊक असल्यामुळे तो पूर्ण वेगाने आणि पूर्ण इराद्याने करता येतो. क्रम ठरलेला आहे. पण दोघांमधील अंतर, ज्याला ‘माआइ’ म्हणतात, ते ठरलेले नाही. समोरच्याचा श्वास, त्याच्या वजनाचा कल आणि तो नेमका कधी निघणार, तेही ठरलेले नाही. काताचे शिक्षण या न ठरलेल्या गोष्टींत असते. ठरलेला क्रम या गोष्टींकडे लक्ष देण्याची मोकळीक देतो.

आपण विचारलेला प्रश्न जपानमध्येच अडीचशे वर्षांपूर्वी तावातावाने चर्चिला गेला आहे. सोळाव्या शतकात शिंकागे-र्यूचे संस्थापक कामिइझुमी नोबुत्सुना यांनी चिरलेल्या बांबूवर चामड्याची पिशवी चढवून सरावाची तलवार वापरात आणली, असे मानले जाते. अठराव्या शतकात नागानुमा आणि नाकानिशी या गुरूंच्या दोजोंमध्ये शिरस्त्राण, छातीचे कवच, हातमोजे आणि बांबूची शिनाई यांसह मोकळ्या झुंजीचा सराव रूढ झाला. काताचे अभिमानी म्हणू लागले की ही बांबूची झोडपाझोडपी आहे. नवे लोक म्हणू लागले की तुमचे काता फुलांनी सजवलेला नाच झाले आहेत. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. शांततेच्या दीर्घ काळात अनेक घराण्यांत काता खरोखरच दिखाऊ झाले होते. उलट, गोल बांबूला धार नसल्यामुळे धारेची दिशा राखून कापण्याचे भान शिनाई खेळणाऱ्या हातांतून निसटू लागले होते. एकोणिसाव्या शतकात एदो (आजचे टोकियो) शहरातील चिबा शूसाकुच्या दोजोसारख्या मोठ्या शाळांनी शिनाईला लोकप्रियतेच्या शिखरावर नेले. आणि तरीही १९१२ मध्ये अनेक घराण्यांच्या जाणकारांनी एकत्र बसून केंदोसाठी दहा काता बांधले, कारण बांबूने जे हरवले ते लाकडी तलवारीच्या कातातूनच परत मिळेल, हे त्यांना कळून चुकले होते.

आता या परंपरेतील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट सांगतो. जोडीने करायच्या कातात एक जण ‘उचिदाचि’, म्हणजे वार करणारी तलवार असतो आणि दुसरा ‘शिदाचि’, म्हणजे उत्तर देणारी तलवार. उचिदाचि आधी वार करतो आणि शेवटी हरतो. ही हरणारी भूमिका नेहमी ज्येष्ठाची असते. केंदोच्या दहाही कातांत शिदाचि जिंकतो, म्हणजे गुरू दहाच्या दहा वेळा हरतो. वरवर पाहता हे सौजन्य वाटेल. वास्तविक ते सर्वांत अवघड काम आहे, म्हणून ते ज्येष्ठाकडे दिलेले आहे. त्याचा वार खरा असावा लागतो, नाहीतर शिष्याचे उत्तर खोटे ठरते. शिष्याला आज जेवढे झेपते त्यापेक्षा किंचित जास्त वेग आणि दाब त्याला द्यावा लागतो. फार जास्त दिला तर शिष्य घाबरून आकसतो, कमी दिला तर तो सुस्तावतो. उघडी जागा दाखवायची, पण ती शिष्याने योग्य क्षणी हेरली तरच त्याला मिळू द्यायची. आणि हे सर्व करताना जिंकण्याची ऊर्मी पूर्णपणे बाजूला ठेवायची. नवशिक्याला ही भूमिका देत नाहीत, कारण त्याला अजून जिंकायचे असते. जुदोत किंवा आयकिदोत सहसा गुरू फेकतो आणि शिष्य पडतो. म्हणून त्या कलांमधून आलेल्या माणसाला ही उलटी मांडणी आधी चमत्कारिक वाटते.

शिकण्याच्या टप्प्यांना ‘शु, हा, रि’ अशी नावे आहेत : जपणे, मोडणे, सोडून पुढे जाणे. चहाविधीच्या परंपरेत याच शब्दांवर रचलेले एक जुने पद आहे आणि त्याचा आशय असा की मोडले तरी आणि सोडून गेलात तरी मूळ विसरू नका. मियामोतो मुसाशीने १६४५ मध्ये, मृत्यूच्या थोडे आधी पूर्ण केलेल्या ग्रंथात हजार दिवसांच्या सरावाला ‘तान’ आणि दहा हजार दिवसांच्या सरावाला ‘रेन’ म्हटले आहे. हे दोन शब्द जोडले की लोखंड तापवून घडवणे या अर्थाचा ‘तानरेन’ शब्द होतो. दहा हजार दिवस म्हणजे सत्तावीस वर्षांहून अधिक काळ. आपली चार वर्षे रोजच्या सरावाची असतील, तर पहिला टप्पा आपण ओलांडला आहे.

एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. काता पोकळ वाटू लागला, तर आधी समोरच्या तलवारीकडे पाहा. आपण जागचे हललो नाही, तर तो वार खरोखर आपल्या कपाळापर्यंत पोहोचेल का? पोहोचत नसेल, तर वार पोहोचेल अशा अंतरावरून करण्याची विनंती ज्येष्ठ जोडीदाराला नम्रपणे करावी. काताचे उत्तर त्यानंतर किती बदलते ते आपल्याला लगेच जाणवेल.

प्रश्न : पूर्वी पट्टा धूत नसत आणि वर्षानुवर्षे घामाने मळून पांढऱ्याचा काळा होई, त्यावरून ‘ब्लॅक बेल्ट’ आला, असे ऐकले. ही माहिती खरी आहे का?

उत्तर : या कथेला आधार नाही. जुन्या घराण्यांत पट्ट्यांचे रंग नव्हतेच. तेथे गुरू हाताने लिहिलेले दाखले देत : आधी ‘किरिगामी’, मग ‘मोकुरोकु’, मग ‘मेंक्यो’ आणि शेवटी संपूर्ण विद्या मिळाल्याचा ‘मेंक्यो काइदेन’. हे दाखले घरात जपून ठेवायचे असत, अंगावर मिरवायचे नसत. श्रेणी दाखवणारा ‘दान’ हा शब्द गो या पटावरच्या खेळात सतराव्या शतकापासून रूढ होता. कानो जिगोरो यांनी १८८३ मध्ये आपल्या दोन विद्यार्थ्यांना पहिला दान दिला आणि त्यानंतर काही वर्षांत कोदोकानमध्ये दानधारकांनी काळा पट्टा बांधण्याची रीत पडली, ती कोण कितपत शिकला आहे हे पाहताक्षणी कळावे म्हणून. फुनाकोशींनी कराटेतील पहिले दान १९२४ मध्ये दिले. मधल्या रंगांची मालिका युरोपात जुदो पसरल्यावर लोकप्रिय झाली.

काळ्या पट्ट्याच्या पहिल्या श्रेणीचे नाव ‘शोदान’ आहे आणि त्यातील ‘शो’चा अर्थ आरंभ असा आहे. अक्षरओळख झाली, आता वाचायला लागा, एवढेच त्या पट्ट्याने सुचवायचे होते; दुर्दैवाने बहुतेक ठिकाणी तो शेवटचा मुक्काम झाला आहे. केंदोत तर श्रेणी दाखवणारी कोणतीही खूण अंगावर नसते. त्या कलेत आठव्या दानाची परीक्षा द्यायला किमान ४६ वर्षे वय आणि सातव्या दानानंतर १० वर्षांचा सराव लागतो, आणि बसणाऱ्यांपैकी साधारण शंभरात एखादाच उत्तीर्ण होतो. तो उत्तीर्ण झालेला माणूस दुसऱ्या दिवशी त्याच निळ्या पोशाखात सरावाला उभा राहतो.

प्रश्न : झेन साधना केल्याशिवाय जपानी युद्धकला समजत नाही, असे म्हणतात. आपले मत काय?

उत्तर : झेनचा संबंध खरा आहे, तो अपरिहार्य असल्याचे सांगणे खरे नाही. जुन्या घराण्यांचा धार्मिक परिसर पाहिला तर तेथे सर्वप्रथम शिंतो देवस्थाने दिसतात : कातोरी आणि काशिमा ही दोन्ही देवस्थाने युद्धदेवतांची आहेत आणि त्यांच्याभोवतीच घराणी वाढली. त्याशिवाय मंत्र, मुद्रा आणि यंत्रे असलेला गूढ बौद्ध पंथ तेथे ठळकपणे आढळतो. योद्धे जिची उपासना करीत ती ‘मारिशितेन’ म्हणजे मूळची भारतीय मारीची, प्रकाशकिरणाची देवता. ती दिसत नाही, धरता येत नाही, म्हणून लढणाऱ्यांना ती जवळची वाटली.

झेनचा ठसा विशेषतः सतराव्या शतकात उमटला. झेन भिक्षू ताकुआन सोहो यांनी शोगुनचे तलवार-गुरू याग्यू मुनेनोरी यांना लिहिलेल्या विवेचनात मनाच्या अडकण्याविषयी सांगितले आहे. सहस्रभुजा कान्नोनचे, म्हणजे करुणेच्या बौद्ध देवतेचे, मन धनुष्य धरलेल्या एकाच हातावर थांबले, तर उरलेले नऊशे नव्याण्णव हात निकामी होतील, हा त्यांचा दृष्टान्त आजही दोजोत सांगितला जातो, कारण तो थेट अनुभवाला भिडतो : प्रतिस्पर्ध्याच्या तलवारीच्या टोकाकडे बघत राहिलात की त्याचे पाय दिसत नाहीत. एकोणिसाव्या शतकात यामाओका तेस्शू यांनी झेन आणि तलवार या दोन्ही वाटा सारख्याच निष्ठेने चालल्या. याच तेस्शूंनी १८६८ मध्ये शोगुनच्या वतीने सम्राटाच्या सैन्याच्या छावणीत जाऊन त्याचे सेनानी साइगो ताकामोरींशी बोलणी केली आणि एदो शहर युद्धावाचून हाती देण्याचा मार्ग त्यातून मोकळा झाला.

धनुर्विद्या म्हणजेच झेन, हे समीकरण मात्र विसाव्या शतकातील आहे. ऑयगेन हेरिगेल हे जर्मन तत्त्वज्ञ १९२० च्या दशकात सेन्दाई येथे शिकवत असताना आवा केन्झो यांच्याकडे धनुर्विद्या शिकले आणि पुढे त्यांनी लिहिलेल्या पुस्तकाने जगाची समजूत घडवली. आवा स्वतः झेन संप्रदायाचे शिष्य नव्हते. हेरिगेल मात्र झेनच्या शोधातच जपानला गेले होते आणि दोघांमधील संभाषण दुभाष्यामार्फत चाले. जपानी धनुर्धारी निव्वळ नेम आणि दमसास यांच्या जोरावर काय करीत असत, याचे उदाहरण क्योतोच्या सांजुसांगेन्दो मंदिरात आहे. तेथील सुमारे १२० मीटर लांबीच्या ओसरीतून, छताला बाण न लागू देता, वासा दाइहाचिरोने १६८६ मध्ये एका अहोरात्रात १३,०५३ बाण सोडले आणि त्यांपैकी ८,१३३ पार पोहोचवले. या विक्रमामागे एका तरुण शरीराची कमालीची मेहनत आहे, आणि तिचा आदर करण्यासाठी तिला गूढतेचे वेष्टन घालण्याची गरज मला वाटत नाही.

प्रश्न : या कलांच्या इतिहासात स्त्रिया कोठे आहेत?

उत्तर : आहेत, पण त्यांची नोंद तोकडी आहे. समुराई कुटुंबांतील मुलींना नागिनाता शिकवण्याची रीत होती. १८६८ च्या आइझूच्या लढाईत नाकानो ताकेको या तरुणीने नागिनाता घेऊन स्त्रियांच्या तुकडीचे नेतृत्व केले आणि तेथेच तिला वीरमरण आले. कोदोकानने स्त्रियांचा विभाग रीतसर सुरू केला तो १९२६ मध्ये. कानोंच्या पहिल्या जुजुत्सु-गुरूंची नात फुकुदा केइको तेथे १९३५ मध्ये दाखल झाली. स्त्रियांना पाचव्या दानापुढे न नेण्याच्या नियमामुळे ती अनेक वर्षे त्याच श्रेणीवर अडकून राहिली, आणि तरीही शिकवीत राहिली. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये तिने ‘जु-नो-काता’चे प्रात्यक्षिक दिले. या संथ कातात जोडीदाराला उचलले जाते, पण आपटले जात नाही. कोदोकानने तिला नववा दान २००६ मध्ये दिला आणि अमेरिकेतील संघटनेने दहावा दान २०११ मध्ये, म्हणजे ती ९८ वर्षांची असताना. हा उशीर तिच्या कौशल्यामुळे झालेला नव्हता, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

प्रश्न : माझी मुलगी केंदो शिकते. सरावाआधी मुलांकडून जमीन पुसून घेतात, आणि परवा तिने गुण मिळाल्यावर आनंदाने उडी मारली तर तिला रागावले. लहान मुलांच्या बाबतीत हे अति होत नाही का?

उत्तर : जमीन पुसण्यामागे आधी साधे कारण आहे : केंदो अनवाणी खेळतात आणि घसरत जाणारे पाऊल हा त्या कलेचा पाया आहे, त्यामुळे एखादा बारीक खडाही पायाला इजा करू शकतो. नीट चालवलेल्या दोजोत ज्येष्ठही फडके घेऊन वाकतात. मुलेच पुसत असतील आणि मोठे उभे राहून पाहत असतील, तर मात्र आपली तक्रार योग्य आहे.

उडीविषयी थोडे अधिक सांगावे लागेल. वार झाल्यानंतरही सावध आणि एकाग्र राहण्याला ‘झानशिन’ म्हणतात, म्हणजे मागे उरलेले मन. केंदोच्या सामन्यात झानशिन नसेल तर वार अचूक असूनही गुण मिळत नाही, आणि मिळालेला गुण जल्लोष केल्याबद्दल रद्दही होऊ शकतो. खऱ्या तलवारीच्या काळात वार लागलेला शत्रू लगेच पडेलच असे नव्हते, हे त्याचे मूळ. आज त्याचा दुसरा अर्थ मुलांनाही समजतो : समोर जो हरला आहे, त्याच्याच साहाय्याने आपल्याला हा वार साधता आला. तिला हे समजावून सांगितले असते तर रागावण्याची गरज पडली नसती, आणि शिक्षकांनी ते सांगायला हवे होते.

प्रश्न : जवळपास जाणकार गुरू नाही. जुन्या घराण्यांचे काता चित्रफिती पाहून शिकता येतील का?

उत्तर : हालचाली शिकता येतील, काता शिकता येणार नाहीत. वर उल्लेख केलेला ‘मोकुरोकु’ हा दाखला शब्दशः एक यादी असतो. अशा गुंडाळ्यांमध्ये बहुतेकदा फक्त कातांची नावे असतात. प्रत्येक नावामागचा अर्थ ‘कुदेन’, म्हणजे तोंडी शिकवणीने मिळे, त्यामुळे गुंडाळी चोराच्या हाती लागली तरी विद्या लागत नसे. कातोरीच्या घराण्यात प्रवेश घेताना शिष्य आपल्या रक्ताचा ठसा उमटवून शपथ घेत आला आहे. १९६० मध्ये चिबा प्रांताने या घराण्याला सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला, तो त्याच्या हस्तलिखितांपुरता नाही. माणसाकडून माणसाकडे जाणाऱ्या विद्येला तो दिलेला आहे. चित्रफितीत आपल्याला दोन्ही तलवारी दिसतील, उचिदाचि कसा हरतो तेही दिसेल. परंतु आपण अर्धा क्षण लवकर निघालात, तर आपला वार अर्धा क्षण रोखून धरणारा आणि आपली घाई आपल्याच लक्षात आणून देणारा माणूस पडद्यावर नसतो. तोवर दुसरी कोणतीही कला, मग ती जुदो असो वा केंदो, प्रत्यक्ष जोडीदारासोबत शिकण्याची संधी मिळत असेल, तर ती घ्यावी. अंतर आणि वेळ यांची जाण तेथेही तयार होते, आणि पुढे गुरू भेटला तर ती वाया जात नाही.